सात अडकित्ते

दिवाळीच्या अंकात चैत्रातल्या पाडव्याची गोष्ट सांगणे म्हणजे लग्नाच्या मांडवात मुंजीची आठवण काढण्यासारखे आहे, हे मला कळते. पण आपल्याकडे घर वर्षातून दोनदा आवरले जाते, आणि त्या दोन आवराआवरींत फरक आहे. दिवाळीची आवराआवर पाहुण्यांसाठी असते. तिच्यात भिंती, पडदे, फराळाचे डबे यांचा मान मोठा. पाडव्याची आवराआवर मात्र घरच्यांची घरच्यांसाठी. शिमगा सरला, ऊन तापू लागले, की गोधड्या गच्चीवर जातात. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचे तिखट आणि हळद यांसाठी डबे आणि बरण्या मोकळ्या कराव्या लागतात. त्या मोकळ्या करायच्या म्हणजे त्यांतले काहीतरी दुसरीकडे हलवावे लागते. आणि ती दुसरी जागा म्हणजे माळा. माळ्यावर मात्र जागा नसते. तेथून पुढे जे घडते त्याला आमच्या घरात 'उत्खनन' म्हणतात.

माझे बालपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेले. तेथे नको असलेल्या वस्तू घराबाहेर काढण्याच्या पद्धती ठरलेल्या होत्या. मोडका पाट, पाय गेलेले स्टूल, वाळवी लागलेली फळी हे सारे होळीत जाई. किंबहुना आळीतली पोरे ते आपण होऊन नेत, आणि कधी कधी न मोडलेला पाटही नेत. जुने कपडे बोहारणीच्या टोपलीत जात. दोन धोतरे आणि एक विटके लुगडे देऊन एक पातेली पदरात पाडून घ्यायला आमच्या आजीला दीड तास लागे, आणि त्या दीड तासात दोन्ही पक्ष तीनदा उठून जाण्याचे नाटक करीत. तांब्या-पितळेची भांडी मात्र सहसा घराबाहेर जात नसत. वर्षा-सहा महिन्यांनी कल्हईवाला येई, भाता लावी, तापल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकी. पांढरा धूर उठे, कथिलाचा तुकडा वितळे, आणि कापसाच्या बोळ्याच्या एका फेऱ्यासरशी पातेल्याचे पोट चांदीसारखे उजळे. पुढे स्टेनलेस स्टील आले. त्याला कल्हई लागत नाही, चिंच लागत नाही. बायकांनी त्याचे स्वागत केले ते उगीच नव्हे. पितळेच्या भांड्यांवर गहिवरून लिहिणाऱ्या पुरुषांपैकी ती किती जणांनी घासली आहेत, हा प्रश्न मला हल्ली पडतो. हल्ली म्हणजे २०१९च्या पाडव्यापासून, आणि तोही या लेखाच्या नायिकेमुळे. ती नायिका म्हणजे माझी आई.

पण आधी अडकित्त्याची हकीकत सांगितली पाहिजे.

आमच्या घरी एक पितळी अडकित्ता होता. आजीच्या सासूकडून आजीकडे आलेला. त्याच्या बिजागरीवर एक पोपट बसलेला होता आणि पोपटाच्या एका डोळ्यात लाल खडा होता; दुसरा डोळा रिकामा. आजी पानाचा डबा पुढे घेऊन बसे, चार जणी गोळा होत, आणि त्या रिकाम्या डोळ्यातला खडा कोणत्या लग्नात पडला यावर प्रत्येक वेळी नवीन माहिती पुढे येई.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. मी सहा वर्षांचा होतो. आम्ही जीव घेऊन बाहेर पडलो. परतलो तेव्हा तळमजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत गुडघाभर चिखल होता. कपडे, धान्य, पुस्तके, वडिलांची सायकल सगळे गेले होते. तिसऱ्या दिवशी चिखल उपसताना आईच्या हाताला कोपऱ्यात काहीतरी टणक लागले. तो हा अडकित्ता! आजीने तो पदराला पुसला आणि म्हणाली, "बघा, पुरालासुद्धा नेता आला नाही." तेव्हापासून त्या वस्तूला घरात देव्हाऱ्यातल्या देवांच्या खालोखाल मान मिळाला. घरात पाहुणा आला की पुराची गोष्ट निघे आणि पुराच्या गोष्टीच्या शेवटी अडकित्ता निघे.

आजी १९७४ साली गेली. त्यानंतर अडकित्ता कपाटाच्या खणात पडून राहिला, कारण आमच्या वडिलांना सुपारी वर्ज्य होती. १९८६ साली आम्ही वाडा सोडला आणि कोथरूडला दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या ब्लॉकमध्ये आलो. वाड्यातला संसार ब्लॉकमध्ये मावत नाही, हे पुण्यातल्या हजारो कुटुंबांना त्या काळात कळले, आम्हालाही कळले. बंब गेला, जाते गेले, पाटा-वरवंटा गेला. मोडीचे पोते करण्याचे काम आईने केले आणि ते विकण्याचे मी. मी सायकलवर पोते घालून गेलो, वजन झाले, पैसे घेतले. घरी येऊन दोन दिवसांनी खणात पाहिले तर अडकित्ता नाही. मी तडक त्या दुकानी गेलो. माल पुढे वितळायला गेला होता. दुकानदार एवढे मात्र म्हणाला, "एक पोपटाचा होता खरा."

घरी काय सांगावे? पुराला नेता आला नाही ती वस्तू मी वजनावर विकली होती! खण रिकामा करताना मीच तो नजरचुकीने पोत्यात ढकलला असणार, असे मी धरून चाललो. कोणी विचारले नाही, म्हणून मी बोललो नाही. पुढे एका लग्नात आत्याने चार माणसांत विचारले, "काय रे, आईचा अडकित्ता कुठे आहे?" मी म्हणालो, "सामान हलवताना हरवला." आई शेजारीच अक्षता वाटत होती. ती काही बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याचा मी जो अर्थ लावला तो मला तेहेतीस वर्षे पुरला.

त्या वेळी मंगळवार पेठेत कुंभार वेशीजवळ दर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरे. मी रविवारी तिकडे जाऊ लागलो. घरी सांगायचे की जुनी पुस्तके पाहतो. तेथे घड्याळांचे काटे, ग्रामोफोनचे कर्णे, कुलपांशिवाय किल्ल्या, किल्ल्यांशिवाय कुलपे असे काय काय अंथरलेले असे. मी अडकित्ते पाही. वितळलेली वस्तू बाजारात येत नाही हे मला ठाऊक होते; पण दुकानदाराने एखादी चांगली वस्तू बाजूला काढून ठेवली असेल, अशी एक बारीक आशा होती. पोपटाचा अडकित्ता कधीच मिळाला नाही. मोराचा मिळाला. एक साधा लोखंडी मिळाला. एक इतका लहान मिळाला की तो भातुकलीतला असावा. असे करता करता माझ्याकडे सात अडकित्ते झाले. ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर, माझ्या नोकरीच्या कागदपत्रांमागे होते. ज्या घरात कोणी सुपारीचे खांड तोंडात टाकत नाही त्या घरात सात अडकित्ते!

आता २०१९चा पाडवा. तो एप्रिलच्या सहा तारखेला होता आणि आवराआवर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघाली. त्या वर्षी सूत्रे सूनबाईंच्या हाती होती. तिने नियम केला, "वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते बाहेर." नियम ऐकून आमच्या सौ.नी लगेच विचारले, "मग गुढीची काठी?"

"ती वर्षातून एकदा लागते ना आई? मग राहू दे."

"आणि ह्यांचा कोट?" तो मी १९८२ साली माझ्या लग्नात घातला होता. तो गेला.

दिवाणखान्यात चार ढीग पडले. ठेवायचे, द्यायचे, भंगार आणि 'बाबांना विचारायचे'. चौथा ढीग सर्वांत मोठा होता ही माझी बदनामी मी निमूटपणे सोसली. आश्चर्य आईचे. त्र्याऐंशी वर्षांची म्हातारी खुर्चीत बसून एकेक वस्तू हातात घेई आणि "जाऊ दे", "हेही जाऊ दे" म्हणे. पानाचा डबा, देवळीतली चिमणी, स्वतःच्या लग्नातला चांदीच्या काठाचा पाट. तिने कशालाही अडवले नाही. आम्हीच एकेक वस्तू ढिगातून परत काढीत होतो. सूनबाई मला म्हणाली, "बाबा, आजींकडून शिका." मी म्हणालो, "वय झालं की माणूस विरक्त होतो." आई हसली. मला वाटले, स्तुतीने हसली.

तेवढ्यात मुलाने शिडीवरून पत्र्याचा डबा खाली दिला. माझ्या नऊ वर्षांच्या नातीने झाकण उघडले आणि ओरडली, "आजोबांकडे सात कात्र्या आहेत!" मी डबा घाईने बंद केला आणि 'बाबांना विचारायचे' या ढिगाच्या तळाशी घातला. सूनबाईने पाहिले, बोलली नाही. सुनांना बोलण्याची वेळ बरोबर कळते.

शनिवारी रात्रीपर्यंत सगळ्यांच्या कमरा धरल्या, नाकांत धूळ गेली आणि प्रत्येकाचे प्रत्येकाशी एकदा तरी वाजले. तेव्हा सूनबाईने जाहीर केले, "उद्या घर असंच राहू दे. सगळ्यांनी बाहेर जायचं." कुठे, यावर वाद झाला. सिंहगड आईला झेपणारा नव्हता; मॉल मला. शेवटी नातीला शाळेच्या वहीत 'जुन्या काळातील वस्तू' असे काहीतरी लिहायचे होते म्हणून केळकर संग्रहालय ठरले. बाजीराव रस्त्यावरचे. पुण्यात जन्म काढूनही मी तेथे कॉलेजात असताना एकदाच गेलो होतो. आई कधीच नाही. पुण्यातली प्रेक्षणीय स्थळे पाहण्यासाठी परगावचे असावे लागते.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांनी साधारण १९२० सालापासून वस्तू जमवायला सुरुवात केली. कोणत्या? तर आपण ज्या टाकतो त्या. दिवे, दौती, वज्ऱ्या, फण्या, मसाल्याचे डबे, शेवयांचे यंत्र, दाराच्या चौकटी. वीस हजारांवर वस्तू जमल्या. एका वेळी मांडायला जागा पुरत नाही इतक्या. कमलाबाईंची, त्यांच्या पत्नीची, त्यात साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा सातव्या वर्षी गेला. त्याचे नाव संग्रहालयाला दिले, आणि १९७५ साली हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. हे मी नातीला सांगितले तेव्हा तिने विचारले, "म्हणजे तो माझ्याहून लहान होता?" आई म्हणाली, "हो ग." आणि थोडा वेळ तिने नातीचा हात सोडला नाही.

मस्तानी महालही तेथे आहे. कोथरूडला होता, तो उचलून येथे पेठेत उभा केला. कोथरूडचा महाल पेठेत आला आणि पेठेतले आम्ही कोथरूडला गेलो, असा विनोद मी केला. तो मुलाने पूर्वीही ऐकला होता.

आईला एकेक पायरी चढवीत आम्ही हिंडत होतो. ती प्रत्येक कपाटापुढे थांबून नातीला सांगे, "हे आमच्याकडे होतं. हे माझ्या माहेरी होतं. हे ह्यांनी उलटं मांडलंय." सोमवारी आमच्या घरातून भंगारात जाणार होते ते येथे काचेमागे, उजेडात, नावाची चिठ्ठी लावून बसले होते. सूनबाई थोडी गप्प झाली. आणि मग आम्ही अडकित्त्यांपुढे आलो.

पितळेचे, लोखंडाचे; कोठे पक्षी, कोठे घोडा, कोठे माणसे. मी सवयीने पोपट शोधू लागलो. नात म्हणाली, "पणजी, या आजोबांसारख्या कात्र्या!"

"कात्री नव्हे, अडकित्ता. सुपारी कातरायचा." मग माझ्याकडे वळून, "तुझ्याकडे कुठून आले?"

अडकित्त्यात सापडणे म्हणजे काय ते अडकित्त्यांच्या समोरच कळावे! मी सांगून टाकले. आपला अडकित्ता हरवला नव्हता, मी मोडीत विकला. चुकून, पण मीच. आत्यासमोर खोटे बोललो. आणि मग जुन्या बाजारात शोधत राहिलो. सौ. माझ्याकडे पाहतच राहिली. तिला वाटत होते मी पुस्तके पाहायला जातो.

आई म्हणाली, "चुकून कसला? मीच घातला होता त्या पोत्यात. कळशीच्या आत, फडक्यात गुंडाळून. नाहीतर तू वरचेवर बघून बाहेर काढला असतास."

"तू? पुरातून तूच काढलास ना तो!"

"काढला. काय आहे ते माहीत नव्हतं म्हणून काढला. चिखल निघाल्यावर पोपट दिसला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, मेला हाही वाचला!"

तेथे एक बाक होता. त्यावर आईला बसवले. ती बोलत होती ती सूनबाईशी, माझ्याशी नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा अठरा वर्षांची. आजीच्या दुपारच्या बायका, आजोबांचे संध्याकाळचे गृहस्थ. सगळ्यांची सुपारी कातरायची ती सुनेने. रोठा सुपारी, कठीण. खांडे बारीक हवीत. जाड झाली तर सासूबाई ताट परत पाठवीत. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला होता. तिने हात पुढे करून दाखवला. मला काही दिसले नाही. सूनबाईने मात्र त्या जागेवर बोट ठेवले.

"वसंत व्याख्यानमाला असायची," आई म्हणाली. "ह्यांना फार आवड. मला म्हणायचे, चल. साडी बदलून तयार झाले की सासूबाई म्हणायच्या, उद्याची सुपारी तेवढी करून जा. ती होईपर्यंत तिकडे आभार मानून झालेले असायचे. हे ह्याला घेऊन जायचे."

ते मला आठवत होते. वडिलांचे बोट धरून मी जात असे, आणि वाड्याच्या दारापर्यंत मागून कट्, कट् असा आवाज येत असे. मला तो आवाज आवडे. तो घराचा आवाज आहे असे मला वाटे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली ती व्याख्यानमाला. तिच्यात मी किती थोर माणसे पाहिली याच्या बढाया मी मारल्या आहेत. आई घरी का राहते, हे मी एकदाही विचारले नव्हते.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? मी मनाला लावून घेतलं होतं."

"मला काय माहीत तू लावून घेतलंस? मला वाटलं, तुला पत्ताच नाही. तू आत्याला हरवला म्हणालास तेव्हा म्हटलं, बरं झालं, माझी सुटका केली पोरानं."

सौ. एवढी हसली की रखवालदार डोकावून गेला. मीही हसलो, पण माझे तेहेतीस वर्षांचे रविवार माझ्या डोळ्यांपुढून जात होते.

बाहेर आल्यावर उसाचा रस प्यालो. आईने आले-लिंबू नको म्हणून सांगितले आणि दीड ग्लास घेतला. घरी जाताना रिक्षात सूनबाई म्हणाली, "आजी, या वर्षी व्याख्यानमालेला जायचं." एप्रिलच्या अखेरीस ती खरेच घेऊन गेली, टिळक स्मारक मंदिरात. आई शेवटच्या पंधरा मिनिटांत डुलक्या घेत होती. परत आल्यावर म्हणाली, "बरा बोलतो. पण लांबण फार लावली. एवढ्या वेळात पावशेर सुपारी झाली असती."

राहता राहिले अडकित्ते. सोमवारी भंगाराचा ढीग न्यायला आमच्या इमारतीत कचरा गोळा करणाऱ्या मावशी आल्या. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ साली उभी राहिली. पुढे त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. त्यांच्यापैकी या एक. मी डबा पुढे केला. त्यांनी तो वजनासाठी बाजूला ठेवला नाही. जिन्यात उकिडव्या बसल्या, एकेक अडकित्ता उचलून बिजागरी हलवून पाहिली, पात्याच्या धारेवर अंगठा फिरवला. मोराचा नापसंत केला. भातुकलीचा पाहून हसल्या. शेवटी तो साधा लोखंडी घेतला, सर्वांत कमी पैशांत मिळालेला.

"हा ठेवून घेते दादा. बाकीचे घाला काट्यावर."

मग कमरेची चंची सोडली, सुपारी काढली आणि तेथेच बसून कातरली. कट्.

आतून आईचा आवाज आला, "रोठा आहे वाटतं. वाळलाय. बेताने म्हणावं, पातं जाईल."